अवंक्युलर रावसाहेब

लीलाधर नाना भामरे यांचा अपमान भर सभेत झाला, आणि सभेने त्यावर टाळ्या वाजवल्या.

नाना धुळे जिल्ह्यातल्या एका कचेरीतून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. कचेरीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. जवळजवळ उभी नोकरी नानांनी अव्वल कारकून म्हणून काढली, आणि निवृत्तीच्या तोंडावर, म्हणजे चष्म्याचा नंबर आणि रक्तातली साखर दोन्ही वाढायच्या तेवढ्या वाढून स्थिर झाल्यावर, त्यांना बढती मिळाली. महसूल खात्याबाहेरच्या वाचकाला या दोन पदांतला फरक कळायचा नाही, म्हणून सांगतो. अव्वल कारकुनाला लोक ‘भाऊसाहेब’ म्हणतात. नायब तहसीलदाराला आणि त्याच्या वरच्यांना ‘रावसाहेब’ म्हणतात. बाकीचे फरक शासन निर्णयात दिलेले आहेत, पण ते कोणी वाचत नाही. माणसं झुरतात ती या एवढ्यासाठी.

नानांच्या बाबतीत घोटाळा असा झाला की लोकांना ‘भाऊसाहेब’ची सवय लागली होती. बढती झाली, टेबल बदललं, टेबलावर काच आली, तरी लोक ‘भाऊसाहेब’च म्हणत राहिले. एकदा शिपाई अगदी आदबीने ‘रावसाहेब’ म्हणाला. नानांनी प्रसन्न चेहऱ्याने वर पाहिलं. मागे तहसीलदार उभे होते.

तेव्हा निरोप समारंभाकडून नानांची अपेक्षा फार नव्हती. कोणीतरी माइकवरून एकदा ‘रावसाहेब’ म्हणावं, इतकीच होती. भाषणं झाली, शाल झाली, श्रीफळ झालं. शेवटी प्रांत मॅडम उठल्या. मॅडम वयाने लहान, परीक्षेतून थेट आलेल्या, थेट दक्षिणेकडच्या. मराठी त्या नेटाने शिकत होत्या, पण मनातलं बोलायची वेळ आली की इंग्रजीत शिरत. त्यांनी नानांच्या हातात एक सागवानी फळी दिली. फळीवर पितळी पत्रा, पत्र्यावर कोरलेली इंग्रजी अक्षरं. मॅडमनी ती स्वतः वाचून दाखवली, “टू अवर अवंक्युलर श्री एल. एस. भामरे.” वाचताना त्यांचा आवाज थोडा भरून आला. टाळ्या झाल्या.

नाना फोटोपुरते हसले. मग खुर्चीवर बसून त्यांनी पत्र्यावरून बोट फिरवलं. ए, व्ही, यू, एन, सी, यू, एल, ए, आर. ‘अवर’ म्हणजे आपले. ‘श्री’ म्हणजे श्री. आणि ‘आपले’ व ‘श्री’ यांच्या मध्ये सरकारी लेखनात पदनामाशिवाय दुसरं काहीही येत नाही, हे नाना झोपेतून उठवलं तरी सांगू शकत होते. मग हे कोणतं पदनाम? बाई दक्षिणेकडच्या. कानाला जसं ऐकू आलं तसं त्यांनी स्पेलिंग केलं. ‘अव्वल’चं ‘अवन’ झालं आणि ‘कारकून’चं ‘कुलर’ झालं.

आपले अव्वल कारकून, श्री. भामरे.

मिळालेली बढती पितळेत कोरून परत घेण्याचा हा प्रकार महसूल खात्याच्या इतिहासात पहिलाच असावा.

नानांनी शब्दकोश का उघडला नाही, असं कोणी विचारेल. ज्याला शंका असते तो शब्दकोश उघडतो. नानांना शंका नव्हती. शिवाय कचेरीत इंग्रजी मसुदा म्हटला की तो भामरेंकडेच जायचा, असा त्यांचा लौकिक होता. अशा माणसाने शब्दकोशात बघणं म्हणजे हलवायाने दुसऱ्याच्या दुकानातून पेढे आणण्यासारखं.

तरीही हे प्रकरण माळ्यावर जाऊन शांत झालं असतं. पण भाचीचं लग्न ठरलं.

नानांची धाकटी बहीण सुलक्षणा जळगावला असते. तिची मुलगी दिपमाला. तिला मिळालेलं स्थळ शिरपूरचं, आणि मुलाचे वडील प्रेमराज आप्पा देसले हे निवृत्त तहसीलदार. नायब नाही, अख्खे तहसीलदार. लग्नाआधीचं केळवण मामाने करायचं, तेव्हा ते धुळ्यात देवपूरला नानांच्या घरी ठरलं, आणि व्याह्यांनाही बोलावणं गेलं. पत्रिकेत छापून आलं, ‘मामा : श्री. लीलाधर भामरे, निवृत्त नायब तहसीलदार’. आणि इकडे नानांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी हौसेने ती फळी बैठकीत टीव्हीच्या वर खिळा ठोकून टांगलीही होती.

“आता हे बघ,” नाना म्हणाले, “पत्रिकेत एक पद आणि भिंतीवर दुसरं. समोर बसणार तहसीलदार. याला अभिलेखातली तफावत म्हणतात.”

“मग काढून ठेवा ना.”

“काढू कशी? सुलक्षणाने व्याह्यांना सांगून ठेवलंय, आमच्या भावाला प्रांतांनी पितळी पाटी दिली म्हणून. ते येऊन पहिलं काय विचारतील? पाटी कुठाय!”

“मग जेवणाचं बघू द्या मला,” प्रमिलाबाई म्हणाल्या. त्या नानांच्या अडचणींचे दोन भाग करत. एक जेवणाशी संबंधित आणि दुसरा नानांशी संबंधित.

सल्ला द्यायला शेजारी कौतिक आबा होतेच. आबा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर माइकवरून गाड्या सोडल्यामुळे ते घरातही गाव झोपेतून उठेल अशा आवाजात बोलत. त्यांनी पाटी लांब धरली, जवळ धरली, आणि निकाल दिला.

“नाना, कुलर शे हाऊ! अवन कुलर. ठंडा डोकाना माणूस शे, असं म्हननं व्हई त्या बाईले.”

“आबा, कुलरला सी, डबल ओ लागतो.”

“बाई साउथनी शे ना? तिकडे येकच ओ ऱ्हास.”

एवढ्यावर न थांबता आबांनी आपल्या फोनला ‘अवन कुलर’ असं मोठ्याने विचारलं. फोनने तत्परतेने बावीस लिटरपासून पुढचे सगळे कूलर दाखवले, आणि तेव्हापासून तो आबांना उठता-बसता कूलरच विकू लागला. शेवटी आबांनी एक घेऊन टाकला. धुळ्यात एप्रिल चालू होता, त्यामुळे या संशोधनाचा तेवढा भाग वाया गेला नाही.

फळीच्या मागच्या बाजूला जळगावच्या दुकानाची चिकटपट्टी होती. ज्याने कोरलं त्यानेच दुरुस्त करावं, असा विचार करून नानांनी फळी टॉवेलमध्ये गुंडाळली, पिशवीत घातली आणि जळगावची एसटी धरली. मध्ये सुलक्षणाकडे चहाला थांबणं भाग होतं. तिने पिशवीला हात घातला.

“नाना, काय आणलंस रे एवढं जड?”

“केळी,” नाना घाईत म्हणाले.

सुलक्षणाने खिडकीकडे पाहिलं. बाहेर रस्त्यावरून केळीनेच भरलेला ट्रक चालला होता. “जळगावला केळी घेऊन आलास?” ती हळूच म्हणाली, आणि संध्याकाळी तिने वहिनीला फोन करून विचारलं की निवृत्तीनंतर नाना बरे आहेत ना.

कोरणारे झिपरूशेठ मात्र तत्त्वाचे निघाले. त्यांनी पत्र्यावर फुंकर मारली आणि म्हणाले, “चिठ्ठीवर जे होतं ते मी कोरलं. एकेक अक्षर पाहून कोरलं.”

“पण चिठ्ठीच चुकलेली आहे.”

“असेल. पण ऑर्डर तुमची नाही, कचेरीची. कचेरीचं पत्र आणा, लगेच करून देतो.” मग त्यांनी नानांना बसवून एका गावच्या कोनशिलेची हकीकत सांगितली. एका सज्जन दिसणाऱ्या माणसाच्या तोंडी सांगण्यावरून त्यांनी सरपंचाच्या नावाआधी ‘माजी’ कोरलं होतं. सरपंच चालू होता. “तेव्हापासून मी देवाचं नाव दुरुस्त करायचं असलं तरी पुजाऱ्याचं पत्र मागतो,” झिपरूशेठ म्हणाले.

नाना कचेरीत गेले. त्यांच्या जुन्या खुर्चीत आता वना सोनवणे बसत होता. मॅडमची बदली विदर्भात झाली होती. वना उठून उभा राहिला, त्याने चहा मागवला, सगळं नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाला, “हरकत नाही भाऊसाहेब. अर्ज द्या.”

हे दोन शब्द नानांनी आयुष्यात किती लोकांना ऐकवले असतील त्याची गणती नाही. ऐकणाऱ्याच्या बाजूने ते कसे लागतात हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं. त्यांनी अर्ज दिला. चांगला दिला, मसुदा नमुनेदार होता.

उत्तर आलं ते असं : ‘सदर इंग्रजी शब्द हे पदनाम असल्याचे दिसून येत नाही. तथापि नसल्याचेही दिसून येत नाही. सबब अर्जदाराने मूळ शब्द चुकीचा असल्याबाबत व प्रस्तावित शब्द बरोबर असल्याबाबत पुरावे सादर करावेत.’ नानांनी बढतीच्या आदेशाची प्रत जोडली. इथे खरं संकट सुरू झालं. आस्थापना शाखेतल्या एका अभ्यासू मुलाने तो आदेश वाचला. आजवर तो कोणी वाचलेला नव्हता, खुद्द नानांनीही फक्त पहिली ओळ वाचली होती. दुसऱ्या ओळीत ‘तात्पुरत्या स्वरूपात’ असं लिहिलं होतं. तेव्हा पाटी दुरुस्तच करायची तर ‘अव्वल कारकून, तात्पुरते नायब तहसीलदार’ अशी करावी काय, याबाबत वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवण्याचं ठरलं.

नाना धावत कचेरीत गेले. “अर्ज मागे घेतो मी!”

“घ्या ना भाऊसाहेब,” वना म्हणाला. “तसा अर्ज द्या.”

केळवण तोंडावर आलं. शेवटी कौतिक आबांचा पुतण्या धावून आला. तो साक्री रोडला गाड्यांच्या नंबर प्लेट करतो आणि कोणाचंही पत्र मागत नाही. जुना शब्द खरवडला तर पत्रा विद्रूप होईल, त्यापेक्षा वरून एक बारीक पितळी पट्टी बसवू, असं त्याने सुचवलं. पट्टी झाली. तिच्यावर सुंदर इंग्रजी अक्षरांत कोरलेलं होतं, ‘नवाब तहसीलदार’.

“ऱ्हाऊ दे ना नाना,” आबा म्हणाले. “बढतीच शे!”

दुसरी पट्टी बरोबर आली. पुतण्याने ड्रिल लावलं, नानांनी फळी धरली, आणि पितळेला दोन भोकं पडून दोन स्क्रू घट्ट बसले. पाटीवर आता ‘टू अवर नायब तहसीलदार श्री एल. एस. भामरे’ असं झालं. पट्टी किंचित उंचावलेली दिसत होती, पण नानांना ते आवडलं. पदाला थोडी उंची असावी.

केळवणाला आमरस होता, खापरावरच्या पुरणपोळ्या होत्या. शिरपूरची मंडळी आली, जळगावची आली. पंगत बैठकीतच बसली, आणि प्रेमराज आप्पांचं पान बरोबर पाटीसमोर आलं. आप्पा बारीक, शांत, कमी बोलणारे. त्यांनी पहिली पुरणपोळी संपवली, पाटीकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

“पट्टी नंतरची आहे.”

“हो, म्हणजे... किरकोळ दुरुस्ती होती,” नाना म्हणाले.

“खाडाखोड केली की शेजारी सही लागते,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी रस मागितला. ते चिडून म्हणाले की गमतीने, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. तहसीलदारांच्या चेहऱ्यावरून ते कळू नये अशीच त्यांची जडणघडण असते.

रस वाढायला दिपमालाच येत होती. केळवण तिचंच, तिला बसवून ठेवायला हवं होतं, पण मामाच्या घरी ती पाहुण्यासारखी कधीच बसली नव्हती. जळगावला इंग्रजी घेऊन तिने एम.ए. केलेलं. “मामा, खाली कोणता शब्द होता?”

“काही नाही गं. स्पेलिंग चुकलं होतं.”

“कशाचं?”

नानांनी पंगतीवरून नजर फिरवली. सगळ्यांचे हात थांबले होते. आता लपवण्यात अर्थ नव्हता. “अव्वल कारकूनचं,” ते म्हणाले. “मॅडमना लिहिता आलं नाही. ए, व्ही, यू, एन, सी, यू, एल, ए, आर.” इतके दिवस मनात सलत असलेली अक्षरं ती, एकही चुकलं नाही.

दिपमालाच्या हातातलं रसाचं भांडं तसंच राहिलं. “मामा, तुम्ही हा शब्द झाकलात?”

तिने भांडं खाली ठेवलं, आतून सुरी आणली, स्टुलावर चढली आणि सुरीच्या टोकाने दोन्ही स्क्रू काढले. पट्टी निघाली. खालचा शब्द बाकीच्या पत्र्यापेक्षा जास्त चमकत होता. झाकलेला असल्यामुळे त्याला धूळ लागली नव्हती.

“अवंक्युलर,” तिने वाचलं. “याचा अर्थ मामासारखा.”

पंगतीतून कौतिक आबांचा आवाज चारही फलाटांवर जावा तसा गेला, “म्हंजे नानाले मामा करी टाकं का त्या बाईनी?”

नानांचा चेहरा उतरला. अव्वल कारकून परवडला असता.

“तसं नाही हो आबा!” दिपमाला स्टुलावरूनच म्हणाली. “लॅटिनमध्ये अवंक्युलस म्हणजे आईचा भाऊ. फक्त आईचा. वडिलांच्या भावाला त्यांच्याकडे वेगळा शब्द होता, आणि तो कडक माणसालाही लावायचे.” पंगतीतले तिचे सख्खे काका इथे घास घेता घेता थांबले. “अवस म्हणजे आजोबा. त्यावरून अवंक्युलस, धाकटे आजोबा. अंकल हा शब्दसुद्धा त्याचाच झिजून झालेला. पुढे इंग्रजांनी काका-मामा एकाच पोत्यात भरले, पण या शब्दात मामा राहून गेलाय. मामा भाचरांशी वागतो तसा वागणारा. वडीलकीने, पण मायेने सांभाळून घेणारा.”

“म्हणजे पदनाम नाही?” नानांनी विचारलं.

“नाही मामा.”

“आणि स्पेलिंग?”

“एकही अक्षर चुकलेलं नाही.”

मग स्वयंपाकघराच्या दारातून प्रमिलाबाई बोलल्या. त्या सहसा नानांच्या सरकारी बाबतीत पडत नसत. “ती मॅडम, पोरगीच ती, नवीन आली तेव्हा तापाने पडली होती, तेव्हा सकाळ-संध्याकाळ मऊ भात कोण घेऊन जायचं? मी डबा भरून द्यायची, तुम्ही न्यायचात. आणि पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं तिला? ‘मॅडम, कोणी कितीही घाई केली तरी उभ्या उभ्या सही करायची नाही.’ घरी येऊन मला सांगत होतात, की लहान आहे, कोणीतरी फसवेल म्हणून.”

नाना हात धुवायला उठले आणि बेसिनपाशी बराच वेळ उभे राहिले. नळ नुसता वाहत होता, आणि देवपूरमध्ये भर उन्हाळ्यात नळ नुसता वाहू देणारा माणूस विचारात असतो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे कोणी हाक मारली नाही. निरोपाच्या दिवशी मॅडमचा आवाज भरून आला होता, आणि आपण फोटोपुरतं हसून पदनाम शोधत बसलो होतो, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

ते परत आले तेव्हा पाटी प्रेमराज आप्पांच्या हातात होती. शब्दाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी दोन भोकं पितळेत कायमची राहिली होती. कोणीतरी तो शब्द मुद्दाम अवतरणात घातल्यासारखा दिसत होता. आप्पांनी पाटी उलटसुलट पाहिली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली.

“मूळ नोंद कायम,” ते म्हणाले. “दुरुस्ती रद्द.”

नानांनी त्याच दिवशी विदर्भात फोन लावला. मॅडम मीटिंगमध्ये होत्या. ‘कोणाचा फोन म्हणून सांगू?’ असं तिकडच्या माणसाने विचारल्यावर नाना अडखळले. मग म्हणाले, “धुळ्याहून त्यांच्या मामांचा आला होता म्हणावं.” सुटी झालेली पट्टी कौतिक आबांनी मागून नेली. त्यांच्या कूलरवरचा कंपनीचा बिल्ला पडला होता, तिथे त्यांनी ती बसवली. तो नायब तहसीलदार अजून आवाज फार करतो आणि वारा बेताचाच देतो.

लग्न जळगावला लागलं. ऊन मरणाचं, मंडपात कोपऱ्या-कोपऱ्यातून कूलर घरघरत होते. पुढच्या सोफ्यावर प्रेमराज आप्पांच्या शेजारी नाना फेटा बांधून बसले होते, आणि आप्पांनी सहज, “तुमची बढती कोणत्या साली?” असं विचारल्यामुळे नाना मोकळे झाले होते. ज्येष्ठतेची यादी, तिच्यावरची हरकत, हरकतीवरची सुनावणी, असं सगळं क्रमाने चाललं होतं. फाइल नाशिकला पोचली होती. इतक्यात गुरुजींनी माइकवरून पुकारलं, “मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं.” नानांना ऐकू गेलं नाही. फाइल नाशिकला अडली होती. गुरुजींनी पुन्हा पुकारलं. मंडप मागे वळून बघू लागला.

प्रेमराज आप्पांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “उठा, रावसाहेब.”

दोन्हीकडचं वऱ्हाड हजर होतं. म्हणणारा तहसीलदार होता. मागे दुसरं कोणीही उभं नव्हतं.

नाना उठले. त्यांनी फेटा सारखा केला.

“आत्ता रावसाहेब नको, आप्पा,” ते म्हणाले. “मामांना बोलावलंय.”

आणि शेमला सावरत ते भाचीच्या खोलीकडे निघाले.